फिनिक्सला कायमचे जावे का?

प्रश्न : मी ६८ वर्षांचा असून राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे, पत्नी ६५ वर्षांची आहे. आमचा एकुलता मुलगा अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्सजवळच्या चँडलर येथे राहतो. तो आता तिथला नागरिक आहे. ‘ग्रीन कार्डचा अर्ज करतो, कोथरूडचा फ्लॅट विकून तुम्ही दोघे कायमचे इकडे या,’ असा त्याचा आग्रह आहे. पत्नीला दमा आहे आणि पावसाळ्यात भिंतींना ओल आली की तिचा त्रास वाढतो, गुडघेही दुखतात. मागच्या वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही तिकडे होतो, तेव्हा तिला फार बरे वाटले. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. वाळवंटातील हवा या वयात मानवेल का, आणि फ्लॅट विकावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण फिनिक्स पाहिले ते हिवाळ्यात, आणि त्या दिवसांत ते शहर खरोखरच सुखाचे असते. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या बर्फाळ भागांतील निवृत्त माणसे थंडीपुरती तिथे येऊन राहतात, त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. पण उन्हाळा लागला की त्यांतली बहुतेक आपापल्या गावी परततात. आपल्याला मुलगा मात्र बारा महिन्यांसाठी बोलावतो आहे, म्हणून विचार जुलै महिन्याचा करायला हवा.

२०२३ च्या जुलैमध्ये मी धाकट्या बहिणीकडे, चँडलरला लागून असलेल्या टेंपीमध्ये राहिले होते. त्या वर्षी ३० जूनपासून सलग ३१ दिवस फिनिक्सचा पारा रोज ४३ अंशांच्या वर गेला. चाळीस-एक्केचाळीस आम्ही पुण्यातही सोसतो, असे आपण म्हणाल. पण पुण्यात एप्रिलची दुपार कितीही तापली तरी संध्याकाळी वारा सुटतो, आणि मे महिन्यात एखादा वळीव येऊन सारे निववून जातो. फिनिक्समध्ये त्या जुलैत सलग १६ रात्री तापमान ३२ अंशांच्या खाली उतरलेच नाही, कारण डांबर आणि काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर बाहेर टाकत राहते. बहिणीच्या न्हाणीघरात थंड पाण्याचा नळ सोडला तरी दुपारी अंघोळीइतके कढत पाणी येई. गाडीच्या पट्ट्याच्या कडीचा हाताला चटका बसे, म्हणून ती सीटवर एक सुती पंचा कायम ठेवत असे. मळलेली कणीक झाकायला थोडा उशीर झाला की तिच्यावर पापुद्रा धरत असे. घाम येतो, पण तो लगेच उडून जात असल्याने अंग कोरडेच राहते, आणि शरीरातले पाणी कमी होत चालल्याचे लक्षातच येत नाही. वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकतात. आपली गोळी त्यांपैकी आहे का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, मात्रा मात्र स्वतःहून बदलू नका.

फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे, तिथे त्या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, पण तो चालू नव्हता. मुलगा आणि सून कामावर असताना एसी बंद पडला तर आपण दोघे कोणाच्या गाडीने, कुठे जाणार, हे आधी ठरवून ठेवावे लागेल.

आता दम्याविषयी. कोरड्या हवेत बुरशी आणि अंथरुणातले धुळीचे सूक्ष्म किडे कमी वाढतात, त्यामुळे ओलीने ज्यांचा दमा उसळतो त्यांना तिथे आराम पडू शकतो. पण आपण पत्नीच्या तिथल्या हिवाळ्याची तुलना पुण्यातल्या पावसाळ्याशी करत आहात. पुण्यातल्या जानेवारीत त्यांना कसे असते, ते आठवून पाहा. जून ते सप्टेंबर फिनिक्सलाही मॉन्सून असतो, शब्दही तोच. मात्र पावसाच्या आधी अनेकदा धुळीची उभी भिंत चाल करून येते. ५ जुलै २०११ रोजी अशाच एका वादळाने जवळजवळ सारे शहर गिळले होते. उन्हाळ्यात तिथे जमिनीलगतच्या हवेत ओझोनही वाढतो, जो दमेकऱ्यांना बाधतो. त्यात भर म्हणजे तिथल्या मातीतल्या एका बुरशीमुळे ‘व्हॅली फीवर’ नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. तो माणसाकडून माणसाला लागत नाही आणि बहुतेकांना फारसा त्रासही देत नाही, पण साठीपुढच्या आणि मधुमेह असलेल्या व्यक्तींमध्ये तो बळावू शकतो. गुडघ्यांचे म्हणाल, तर कोरड्या हवेने संधिवात बरा होतो असे म्हणायला ठोस आधार नाही. बरे वाटते असे सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे मी खोटे मानत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती चालण्याची. कोथरूडमध्ये आपण भाजी, औषधे, बँक, मित्रांचा कट्टा हे सारे पायी करत असाल. चँडलरमध्ये कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडी लागते, आणि उन्हाळ्यात फिरायला जायचे तर सूर्य उगवण्याआधीच. माझी बहीण पन्नाशीची आहे, गाडी चालवते, तरी जुलैत तिचे जग घर, ऑफिस आणि किराणा दुकान एवढेच उरते. आपण दोघे गाडी चालवणार नसाल, तर चार महिने मुलाच्या सुट्टीची वाट पाहण्यात जातील. पत्नीला हे कितपत रुचेल, याबद्दल आपल्या पत्रात एक ओळही नाही. कृपया त्यांना विचारा.

वाळवंटातल्या शहराला पाणी पुरेल का, अशी शंका आपल्याला येईल, पण घरच्या नळाची चिंता नको. कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने तिकडे येते आणि त्यात २०२२ पासून कपात झाली आहे, पण तिची मुख्य झळ शेतीला बसली.

वैद्यकीय खर्चाचे गणित मात्र नीट मांडायला हवे. ग्रीन कार्ड मिळाले तरी तिथे सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय ज्येष्ठांची सरकारी विमायोजना, मेडिकेअर, मिळत नाही. तोवर खासगी विमा घ्यावा लागतो. ज्यांनी तिथे नोकरी केलेली नाही त्यांना त्यानंतरही पूर्ण हप्ता भरावा लागतो. २०२५ चे दर पाहिले तर योजनेतील रुग्णालयाच्या खर्चाच्या भागासाठी दरमहा ५१८ आणि डॉक्टरांच्या खर्चाच्या भागासाठी किमान १८५ डॉलर, तेही माणशी. शिवाय भारतातल्या सर्व खात्यांची एकत्रित रक्कम १०,००० डॉलरच्या वर गेली की दरवर्षी तिथल्या सरकारला कळवावे लागते, आणि अनिवासी झाल्यावर इथल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही.

माझे मत असे, की फ्लॅट विकू नये आणि ग्रीन कार्डचा अर्जही इतक्यात करू नये. ते कार्ड तिथे राहण्यासाठी असते. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास प्रश्न विचारले जातात, आणि वर्षाहून अधिक झाल्यास ते गमावण्याची पाळी येऊ शकते. शिवाय अर्ज दाखल झाल्यावर पर्यटक व्हिसावर ये-जा करणे अवघड होते. आज हातात असलेल्या पर्यटक व्हिसावर येत्या जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत तिथे राहून पाहा. पत्नीने पीक फ्लो मीटरवर, म्हणजे श्वास किती जोराने सोडता येतो ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणावर, रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहावेत. पुण्यातले आकडेही आतापासूनच लिहायला लागावे. उन्हाळा झेपला नाही, तर पुढेही हिवाळ्यापुरते जाऊन येता येईल आणि नातवंडांचा सहवासही मिळेल.

आणि जाण्याआधी घराच्या भिंतींना ओल कुठून येते, तेही शोधा. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती, यांपैकी काय आहे ते सोसायटीमार्फत जाणकाराकडून तपासून घ्या आणि एप्रिल-मेमध्येच काम उरकून टाका.