प्रश्न वाचकांचे : चित्रपटाचा अभ्यास घरी कसा करावा?

प्रश्न : मी एका सहकारी बँकेत नोकरी करतो. लहानपणापासून मला चित्रपटांचा विलक्षण नाद आहे आणि कथा, अभिनय, गाणी यांवर मी तासन्‌तास बोलू शकतो. परंतु ‘दिग्दर्शन उत्तम आहे’ किंवा ‘संकलन सैल आहे’ असे समीक्षक नेमके काय पाहून लिहितात, हे उमगत नाही. नोकरी सोडून शिकायला जाणे शक्य नाही. काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पुष्कळ चित्रपट पाहिले की दृष्टी आपोआप तयार होते, असा सर्वसाधारण समज आहे, आम्हांला तो फारसा पटत नाही. पहिल्यांदा पाहताना मन ‘पुढे काय होणार’ यातच गुंतलेले असते आणि ती उत्सुकता शमल्याशिवाय कॅमेरा कोठे ठेवला आहे, शॉट कोणत्या क्षणी तोडला आहे, याकडे लक्षच जात नाही. म्हणून एकच चांगला चित्रपट निवडावा आणि तो पुनःपुन्हा पाहावा.

आमची सूचना ‘कुंकू’ची आहे. व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीसाठी 1937 साली केलेल्या या चित्रपटात तरुण नीराचे लग्न फसवणुकीने वृद्ध वकील काकासाहेबांशी लावले जाते आणि ती हा विवाह मानण्यास नकार देते. कथानक त्या काळासाठी धाडसी होतेच, पण अभ्यासाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट अशी, की या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. प्रसंग दुःखाचा आहे की उपहासाचा, हे सांगायला व्हायोलिन येत नाही. ते काम घरातल्या आवाजांनी, शांततेने आणि चौकटीच्या (पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याच्या) रचनेने करावे लागते. काकासाहेबांच्या घरातील जुने घड्याळ दिसेल आणि ऐकू येईल तेव्हा ती नुसती सजावट आहे की त्या माणसाच्या वयावरचे भाष्य आहे, हे स्वतःशीच ठरवावे.

हा चित्रपट पुढच्या वेळी आवाज बंद करून पाहावा. नीरा झालेल्या शांता आपटे आणि काकासाहेब झालेले केशवराव दाते एकाच चौकटीत केव्हा येतात, त्यांना वेगवेगळ्या शॉटमध्ये केव्हा विभागले आहे आणि कोणाचा चेहरा अधिक काळ पडद्यावर राहतो, याची नोंद वहीत करावी. ‘दिग्दर्शन’ या शब्दामागे असतात ते बहुतांशी असे निर्णय. त्यानंतर एखादा प्रसंग डोळे मिटून ऐकावा.

संकलनासाठी, म्हणजे शॉट कोठे तोडायचा आणि कशाला जोडायचा हे समजण्यासाठी, मात्र चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) जवळ ठेवावा. त्यात कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर असतो. महत्त्वाचे बोलणे संपल्यावरही शॉट लगेच तुटत नाही आणि न्यायालयातील संथ, यांत्रिक कामकाज आपल्याला सोसावे लागते. घाईच्या प्रेक्षकाला हे सैल वाटते, परंतु तो सैलपणा हेतुपुरस्सर आहे. संकलन सैल की घट्ट हे शॉटच्या लांबीवरून ठरत नाही. तो शॉट आणखी थोडा आधी तोडला असता तर काय गमावले असते, या प्रश्नावरून ठरते. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर समीक्षकाची तक्रार रास्त समजावी.

पुण्यात ‘प्रभात’च्याच आवारात 1960 साली सुरू झालेल्या चित्रपटसंस्थेचे अल्पमुदतीचे रसास्वाद अभ्यासक्रम असतात. रजा जमवता आली तर त्यांची चौकशी जरूर करावी.

प्रश्न : तंत्र कळू लागले की चित्रपटाचा आनंद नाहीसा होत नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वाईट चित्रपटांचा होतो, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

प्रश्न : मोबाइलवर लघुपट करायचा आहे. महागडी उपकरणे घेतल्याशिवाय सुरुवात कशी करावी? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) करण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने थोडीथोडी चित्रित करून, काही क्षणांत रोप उगवताना दाखवणारा छोटा चित्रपट केला आणि भांडवल देणाऱ्यांना तो दाखवून त्यांचा विश्वास मिळवला. आपणही प्रथम संवाद नसलेला एकच प्रसंग घ्यावा. उदाहरणार्थ, घरातील कोणीतरी कुलूप लावून बाहेर पडते आणि काहीतरी विसरल्याने परत येते. तो पाच-सहा शॉटमध्ये, झूम न वापरता चित्रित करावा, आणि काय विसरले हे न सांगता पाहणाऱ्याला कळते का, ते तपासावे. कळले नाही तर संगीत जोडून वेळ मारून नेऊ नये. शॉट पुन्हा घ्यावेत.