ट्रंकेतला 'अवर डे' बिल्ला

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत जुन्या रुपयाएवढा पत्र्याचा गोल बिल्ला सापडला. लाल क्रूस आणि इंग्रजीत 'अवर डे' असं छापलंय. पणजोबा पहिल्या महायुद्धात लढले होते का? बिल्ल्याच्या कडेला गंज आहे, ओल्या फडक्यानं पुसला तर चालेल?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आधी ते फडकं बाजूला ठेवा. अशा बिल्ल्यात पत्र्याची उथळ वाटी, तिच्यावर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो आणि मागून कडी दाबून हे सगळं आवळलेलं असतं. अमेरिकेतल्या व्हाइटहेड अँड होग कंपनीनं १८९६ साली या बनावटीचं पेटंट घेतलं. पाणी कडेच्या फटीतून आत शिरतं, कागद ते टिपकागदासारखा ओढून घेतो, आणि मागचा गंज तपकिरी डाग होऊन पुढे उमटतो. तो डाग निघत नाही. गंजावरून कोरडा, मऊ ब्रश फिरवा. लिंबू, चिंच, पितांबरी काही लावू नका.

मागची कडी जपून बघा. आत गोल कागद असेल तर त्यावर बहुधा बनवणाऱ्याचं नाव मिळेल. भिंगातून छपाई शाईच्या फवाऱ्यासारखी विस्कटलेली दिसली, तर बिल्ला अलीकडची नक्कल समजा.

ठेवताना प्लास्टिकची पाकिटं नकोत आणि हवाबंद डबाही नको. जुनं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडतं, ती कोंडली की शेजारचा बिल्लाही जातो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. सेल्युलॉइड झटकन पेटतं, म्हणून देवघराजवळ किंवा मे महिन्यात तापणाऱ्या माळ्यावर नको.

आता पणजोबा. 'अवर डे' हा ब्रिटिश रेडक्रॉस आणि सेंट जॉन या मदतसंस्थांचा वर्गणीचा दिवस, १९१५ पासूनचा. पैसे टाकले की बिल्ला मिळे. वकील, दुकानदार, शाळकरी पोर, कुणालाही. म्हणजे ही वर्गणीची पावती झाली. शिपायाच्या युद्धपदकाच्या कडेवर त्याचं नाव कोरलेलं असे. ट्रंकेत तसलं काही आहे का, ते शोधा.

प्रश्न : ७ डिसेंबरला मिळालेले छोटे कागदी झेंडे वहीत चिकटवले, ते पिवळे पडलेत. का?

उत्तर : डिंक आणि टाचणी, दोन्हीमुळे. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळतात. लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तिन्ही दलांचे रंग. टाचणी आधी काढा. नागपूरच्या पावसाळ्यात ती पहिल्यांदा गंजते आणि भोकाभोवती कागद खाते.