सामुराई समाजावर आधारलेल्या काल्पनिक कथेत कोणत्याही सामुराईला गुन्हेगार पकडण्याचा अधिकार दाखवता येईल का?

दाखवता येईल, पण जपानच्या एदो काळातील (१६०३ ते १८६८) प्रत्यक्ष व्यवस्था नीट पाहून कथा रचावी, असे मला मनापासून वाटते. कमरेला दोन तलवारी असणे म्हणजे पोलिसी अधिकार असणे नव्हे. एदो शहरात (आजचे टोकियो) हा अधिकार माची-बुग्यो या नगर दंडाधिकाऱ्याकडे असे. या पदाची उत्तर आणि दक्षिण अशी दोन कार्यालये होती. ती महिन्याआड नव्या तक्रारी स्वीकारत आणि ज्याची पाळी नसे ते कार्यालय जुनी प्रकरणे निकाली काढत असे. माची-बुग्योच्या हाताखाली योरिकी व त्यांच्याखाली दोशिन हे कनिष्ठ सामुराई काम करीत. दोशिनच्या हाती जित्ते नावाचा, बाजूला आकडा असलेला लोखंडी दांडा असे, कारण संशयिताला ठार न मारता जिवंत पकडून दोरखंडाने जखडणे आणि चौकशीसाठी हजर करणे हे त्याचे कर्तव्य होते.

कथेसाठी खरा ऐवज मात्र अधिकाराच्या मर्यादांत आहे: माची-बुग्योचा अंमल प्रामुख्याने सामान्य नागरिकांवर चाले, देवळांच्या हद्दीसाठी स्वतंत्र अधिकारी असत, आणि गुन्हेगार एखाद्या दाइम्योच्या (सरंजामदाराच्या) वाड्यात शिरला, तर दोशिनला सरळ आत घुसता येत नसे.