स्वीडनमधल्या कोमूनची वृद्धसेवा: ऑफर लेटरवर सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं आहे, मेडिकल वॉर्डचा चार वर्षांचा अनुभव आहे. एजंट म्हणतो की स्वीडनमध्ये कोमूनच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, सरकारी वृद्धसेवेत जागा आहे, ‘तिकडे सगळं मशीनवर चालतं, अंगमेहनत नाही’, आणि यजमानांनाही सोबत नेता येईल. तर जावं का?

आधी पगार, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच अडतात. नोव्हेंबर 2023 पासून वर्क परमिटसाठी देशातल्या मध्यक पगाराच्या (निम्म्या लोकांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो पगार) 80 टक्के पगाराची अट आली. जून 2025 मध्ये ती रक्कम महिना 29,680 क्रोनर होती. टक्केवारी आणि आकडा बदलू शकतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात मायग्रेशन खात्याच्या साइटवर बघा. वृद्धसेवेतल्या दर दहा कर्मचाऱ्यांत साधारण नऊ बायका, आणि इथे अर्धवेळ नोकरी ही जुनी चाल. 75 टक्के नोकरीची ऑफर आली तर प्रत्यक्ष पगार अटीखाली जातो. ‘पूर्णवेळ केलं असतं तर इतके मिळाले असते’ हा हिशेब खातं मानत नाही. रात्रपाळी-रविवारचा भत्ता धरून आकडा फुगवलेला नाही ना, तेही बघा: मूळ पगार वेगळा लिहून मागा. परमिट वाढवताना प्रत्यक्ष मिळालेला पगार तपासतात. कोम्यूनाल ही कामगार संघटना आणि कोमूनांची मध्यवर्ती संस्था यांनी 2016 मध्ये पूर्णवेळ नोकरी हाच नियम करायचं ठरवलं, पण सगळीकडे ते सारखं झालेलं नाही. काही ठिकाणी पूर्णवेळ देतात आणि त्याबदल्यात तुटक पाळी लावतात: सकाळी चार तास, मध्ये तीन तास बिनपगारी, पुन्हा संध्याकाळी. घर लांब असेल तर हे तीन तास बसस्टॉपवर जातात. चार आठवड्यांचं खरं ड्यूटी-पत्रक मागवा, नमुना नको.

आता मशीनचं. वृद्धनिवासात छतावरची लिफ्ट (माणसाला झोळीत घेऊन उचलणारी), सरकचादर (खाटेवर माणूस सरकवायची चादर), विजेवर वर-खाली होणारी खाट असते. लिफ्ट कोणती आणि झोळी कोणत्या मापाची हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओ त्या वृद्धाला बघून ठरवतात. झोळी शेजारच्या खोलीतली उचलून वापरली की माणूस घसरतो, आणि त्याला सावरताना तुमची पाठ जाते. घरी जाऊन करायच्या सेवेत गोष्ट वेगळी. तिथे खाट आजोबांची स्वतःची आणि ठेंगणी, गालिचा जाड, बाथरूमचं दार अरुंद. साधन मंजूर होऊन येईपर्यंत काम हातानेच. दाराला डिजिटल कुलूप असतं, ते मोबाइलने उघडतं, त्यामुळे किल्ल्यांसाठी ऑफिसला फेऱ्या नाहीत. संबंधित माणसाची संमती असेल तर रात्रीची फेरी कॅमेऱ्यावरून होते. यात वाचलेला वेळ कुठे जातो, हा खरा प्रश्न. अनेक ठिकाणी त्याच मोबाइलवर मिनिटांचं वेळापत्रक येतं: न्याहारी 15, आंघोळ 30, आणि मधला रस्ता जवळपास शून्य. बर्फात सायकलवर असाल तर पहिल्या तासातच मागे पडता.

हे योगायोगाने होत नाही. कामाच्या जागेची सुरक्षितता बघणाऱ्या स्वीडनच्या कार्यपर्यावरण प्राधिकरणाने 2014 च्या अहवालात त्याच कोमूनांमधली घरसेवा आणि पुरुषांची संख्या जास्त असलेला तांत्रिक विभाग शेजारी ठेवून पाहिले. घरसेवेत एका मॅनेजरच्या हाताखाली कितीतरी जास्त माणसं होती, साधनं आणि गाड्यांकडे लक्ष कमी होतं. रस्ता दुरुस्त करणाऱ्याला त्याच्या मापाचे बूट न मागता मिळतात. घरसेवेतल्या बाईला कामाचे कपडे मिळवायला वाद घालावा लागे. म्हणून मुलाखतीत तुम्हीच विचारा: एका मॅनेजरमागे किती जण? गाडी आहे का, हिवाळी टायर कोण बसवतं? कपडे कामाच्या जागी धुतले जातात का? नवीन ॲप किंवा कुलूप आणण्याआधी चाचणीत कोण होतं, पाळीवरच्या बायका की फक्त आयटी विभाग? उत्तर गोलमाल आलं तर दुसरी कोमून बघा, त्या 290 आहेत.

प्रयोग सगळेच मशीनचे नसतात. गोथेनबर्ग शहरातल्या स्वार्तेदालेन वृद्धनिवासात 2015-16 मध्ये पूर्ण पगारात सहा तासांचा दिवस करून पाहिला. आजारपणाच्या रजा कमी झाल्या, पण जादा माणसं नेमावी लागली, आणि खर्चाच्या वादात तो पुढे चालला नाही. माझ्या मते वृद्धसेवेला सगळ्यात उपयोगी पडलेली कल्पना तीच होती.

तुमचं जीएनएम इथे आपोआप चालत नाही. नर्स म्हणून काम करायला राष्ट्रीय आरोग्य-कल्याण मंडळाचा परवाना लागतो: कागदपत्रांची तपासणी, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, कायद्याचा कोर्स, देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, आणि चांगली स्वीडिश. तोवर सहायक म्हणून काम. पण ‘उंडरशॉटेर्स्का’ (प्रशिक्षित सहायक नर्स) ही पदवीही 1 जुलै 2023 पासून संरक्षित आहे. मंडळाकडून दाखला न घेता ती लावता येत नाही, आणि घरसेवेत एखाद्या वृद्धाची कायम जबाबदार व्यक्ती म्हणून नेमणूकही तिचीच होते. साध्या सहायकाचा पगार कमी, म्हणजे पुन्हा परमिटच्या अटीशी गाठ. औषध देण्यासाठी नर्सने तुमच्या नावाने लेखी अधिकार द्यावा लागतो, तो जास्तीत जास्त एक वर्षाचा. वॉर्डातल्या सवयीने त्याआधी इन्सुलिन टोचू नका.

कामावर हात कोपरापासून खाली मोकळे हवेत: बांगड्या, घड्याळ, नेलपॉलिश, लग्नाची अंगठीसुद्धा नाही. मंगळसूत्र कपड्याच्या आत. सासरी हे आधीच सांगून ठेवा.

मूल आठ वर्षांचं होईपर्यंत 25 टक्के वेळ कमी करून घेण्याचा हक्क आई-बाप दोघांनाही आहे. परमिटवर असताना तो वापरण्याआधी पगाराच्या अटीचं काय होतं ते संघटनेकडून लेखी घ्या. शक्य असेल तर यजमानांनी वेळ कमी करावा. जोडीदाराला काम करण्याची मुभा असते, आणि त्यांचा पगार तुमच्या परमिटच्या हिशेबात धरत नाहीत.

रुजू झाल्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा-प्रतिनिधीचं नाव विचारा. जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका असेल तर हा प्रतिनिधी काम थांबवू शकतो. वृद्धाची हेळसांड दिसली तर ती कळवणं कर्मचाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. नवीन आहोत म्हणून गप्प बसायची सूट नाही.

एजंटचं नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीत तपासा. भारतात उमेदवाराकडून त्यांना 30,000 रुपये अधिक जीएसटी इतकंच घेता येतं, पावतीसह. आणि ऑफर खरी असेल तर ती जागा कोमूनच्या स्वतःच्या साइटवर किंवा स्वीडनच्या सरकारी नोकरी-पोर्टलवर सापडली पाहिजे. तिथल्या नंबरवर फोन करा, एजंटने दिलेल्या नाही.