रोज व्यायाम करायचं ठरवतो, पण आठवड्याच्या वर टिकत नाही. नोकरी बैठी आहे. काय करावं?

सोमवारी सुरू आणि शनिवारी बंद, हे मी इतक्या वेळा केलंय की या विषयात मला डॉक्टरेट मिळायला हरकत नाही. पुण्यात सहकारनगरला राहतो, वय 47, काम हिशेबाचं, म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्चीत. चाळिशीत जिमचे वर्षाचे पैसे एकरकमी भरले आणि मोजून 19 दिवस गेलो. मग महागातले बूट आणले, की लाजेखातर तरी बाहेर पडू. लाज काही वाटली नाही.

फरक पडला तो दुधामुळे. आमचा दूधवाला आठ दिवस गावाला गेला आणि मला रोज सकाळी डेअरीपर्यंत चालत जावं लागलं. जाऊन-येऊन दीड किलोमीटर. एक दिवसही चुकला नाही, कारण दूध नाही तर चहा नाही, आणि चहा नाही तर आमच्या घरी कोणी कोणाशी धड बोलत नाही. तो परतल्यावर मी रतीबच बंद केला. बायको म्हणाली, "पंधरा दिवसांत परत लावशील." त्याला आता सहा वर्षं झाली.

तेव्हा माझं सांगणं एवढंच: व्यायामासाठी वेगळा वेळ काढू नका, तो पहिल्यांदा कापला जातो. पाहुणे आले, ऑडिट आलं, कापा व्यायाम. त्यापेक्षा ज्याच्यावाचून घरचं अडतं, अशा एखाद्या कामाच्या गळ्यात तो बांधा.

दोन-तीन महिन्यांनी पिशवी खांद्याला लावून आधी पर्वती आणि उतरताना दूध, असा क्रम बसला. पायऱ्या 103. पहिल्या दिवशी दोनदा थांबलो आणि सिंहगड कुठल्या बाजूला दिसतो ते बघतोय असा चेहरा केला. तेवढ्यात सत्तरीच्या एक आजी गप्पा मारत, न थांबता पुढे गेल्या. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा घरीच बारा सूर्यनमस्कार. औंधच्या (साताऱ्याकडचं औंध, आपलं पुण्यातलं नव्हे) बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून ते रोजचे केले होते. आपल्याकडे मात्र ते रथसप्तमीपुरते उरलेत. एका सतरंजीएवढी जागा पुरते, आणि हात-खांद्यांना जो ताण मिळतो तो नुसत्या चालण्यात मिळत नाही.

"21 दिवस करा, सवय लागेल" यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. मला हे आधी कळलं असतं तर बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवलं नसतं. तसंच 10,000 पावलांचं. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. किमान 10 मिनिटं सलग हवीत ही जुनी अट 2020 च्या सूचनांमध्ये काढून टाकली आहे. म्हणजे ऑफिसचे चार जिने धरले जातात. जेवणानंतरची शतपावलीही धरली जाते, आणि जेवणानंतरची साखर कमी चढायला तिची खरोखर मदत होते. आजोबा सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो.

दिवाळीत आणि लग्नसराईत माझंही सगळं कोलमडतं. पण घरी परतलो की दुसऱ्या सकाळी दूध आणावंच लागतं, त्यामुळे पुन्हा "सुरू करायचं" असं काही उरत नाही.

छातीत दुखत असेल, चालताना फार धाप लागत असेल, तर पर्वतीच्या आधी डॉक्टरकडे जा. आणि दूध तुमच्या दारात पिशवीतून येत असेल व ते बंद करणं घरच्यांना पटणार नसेल, तर तुमच्या दिवसात न चुकणारं दुसरं काय आहे ते लिहा. मुलीला क्लासला सोडणं? भाजी? त्यावरून काहीतरी सुचवता येईल.