आमच्या साठ जणांच्या कंपनीचा कामानिमित्तचा प्रवास पर्यावरणपूरक कसा करता येईल? कार्बन ऑफसेट (म्हणजे आपल्या धुराची भरपाई म्हणून दुसरीकडे झाडं लावण्यासारख्या कामांना पैसे देणं) घ्यावेत का?

सुरुवात अकाउंट्सपासून करा. झाडं नंतर लावा.

मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं सर्व्हिसला होतो. राहायला कांदिवली आणि निम्मी गिऱ्हाइकं अहमदाबादची. आमच्या ग्रेडला विमान मंजूर होतं, पण मी बोरिवलीला रात्री गुजरात मेल पकडायचो. पहाटे अहमदाबाद, स्टेशनच्याच रिटायरिंग रूममध्ये अंघोळ-दाढी, बाहेर कालुपूरला चहा, आणि गिऱ्हाइकाचं गेट उघडायला मी हजर. विमानवाले सहकारी आदल्या संध्याकाळी निघून हॉटेलात झोपायचे आणि सकाळी माझ्यानंतर पोचायचे.

एकदा माझं व्हाउचर परत आलं. रिटायरिंग रूमच्या पावतीभोवती लाल पेनाने गोल आणि शेजारी ‘हे कशासाठी?’. मी खाली अकाउंट्सला गेलो. साहेब म्हणाले, "पॉलिसीत हॉटेल आहे, स्टेशन नाही. हॉटेलचं बिल आणा, आत्ता पास करतो." त्याच ट्रेमध्ये एका सहकाऱ्याचं विमान, दोन्हीकडच्या टॅक्सी आणि हॉटेल असं जाडजूड व्हाउचर सही होऊन पडलं होतं. मी ते दाखवलं, तर वर ऐकून घ्यावं लागलं, "रात्र गाडीत काढलीत ना? मग मुक्कामाचा भत्ताही बसत नाही." पावती गेली ती गेली, भत्ताही गेला.

तीच कंपनी आता शेअर बाजारातल्या पहिल्या हजारांत आहे, म्हणजे पर्यावरण आणि समाजासाठी काय केलं हे सांगणारा, शेअर बाजाराची नियामक सेबी मागते तो बीआरएसआर अहवाल तिला सक्तीचा. कव्हरवर हिरवं पान छापलंय. आत शोधलं तर विमानप्रवासाचा आकडाच नाही, कारण तो स्कोप 3 मध्ये, म्हणजे कंपनीच्या कामापायी पण दुसऱ्यांच्या यंत्रांतून निघणाऱ्या धुरात येतो, आणि तिथला आकडा देणं ऐच्छिक!

तर तुमचं. कमी पल्ल्याच्या विमानाचं इंधन उड्डाणात आणि वर चढण्यातच खूप जातं, त्यामुळे किलोमीटरमागे धूर जास्त. मुंबई-अहमदाबाद साधारण 490 किलोमीटर, सगळा मार्ग विजेवरचा, वंदे भारतने साडेपाच तास. एवढ्यासाठी विमान मंजूर करणाऱ्यांनी पर्यावरणाचं नाव घेऊ नये. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याला पूर्ण भत्ता द्या, सकाळी तोंड धुवायला खोली द्या, प्रवासाचा वेळ कामात धरा. आणि मीटिंगा आदल्या दिवशी ठरवू नका. एसी तत्काळ सकाळी दहाला उघडतं, तुमचा मेल येतो अकराला. लांबच्या परदेशवारीत बिझनेस क्लासच्या सीटमागचा धूर इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट धरतात, पण हे साहेबांना सांगणार कोण?

ऑफसेट म्हणजे नवस आपण बोलायचा आणि फेडायला शेजाऱ्याला पाठवायचं. घ्यायचेच तर सगळ्यात शेवटी.

हां, आपली वीज अजून बहुतांश कोळशाची आहे, तेव्हा रेल्वेही काही धुतल्या तांदळासारखी नाही; माणशी हिशोब केला तर विमानापेक्षा पुष्कळ बरी, एवढंच. गुवाहाटीला कुणाला गाडीने धाडू नका. पहाटे एकटीने स्टेशनवर उतरणं एखादीला नको असेल तर तिच्यावर सक्ती नको.

व्हिडिओ कॉल तुम्ही करतच असाल. सर्व्हिसवाल्याचं त्यावर भागत नाही, बेअरिंगचा आवाज जाऊनच ऐकावा लागतो. सेल्सचे ‘जरा भेटून येतो’वाले दौरे मात्र तपासा, आणि ते किती गरजेचे आहेत हे सेल्सला न विचारता गिऱ्हाइकाला विचारा.