एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या संगणक प्रोसेसरच्या तुलनेत ९८००एक्स३डीमध्ये नेमके काय बदलले आहे?

दोन्हींत ८ कोअर (गणना करणारे भाग), १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आणि ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच जलद स्मृती, तेवढीच आहे. खरा बदल रचनेत आहे. ७८००एक्स३डीमध्ये ६४ एमबी कॅशचा जादा थर कोअरच्या चिपवर बसवलेला असल्याने उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होई आणि वेग ५ गिगाहर्ट्झपर्यंतच राखावा लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीत तो थर चिपखाली गेल्यामुळे कमाल वेग ५.२ गिगाहर्ट्झ झाला आणि ओव्हरक्लॉकिंगही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, खुले झाले. नव्या पिढीच्या झेन ५ कोअरमुळे रेंडरिंगही (चित्र वा व्हिडिओ तयार करण्याचे काम) जलद होते. सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) एएम५च असल्याने बायॉस, म्हणजे मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यास सहसा जुनाच मदरबोर्ड चालतो. मात्र ४के या अतिस्पष्ट चित्रावर गेम खेळताना बहुधा ग्राफिक्स कार्डच आधी दमते, तेव्हा केवळ तेवढ्यासाठी ७८००एक्स३डी बदलणे मला तरी पटत नाही.